वाळूच्या ढिगातलं बाळंतपण

आमच्या बाथरूमच्या फरशीचा उतार उलटा होता. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे यायचं आणि दारातून पॅसेजमध्ये. घर बांधल्यापासून हे असंच होतं आणि खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. अंघोळ झाली की खराट्याने पाणी मागे लोटायचं, तेवढाच व्यायाम. पण त्या वर्षी आत्या आमच्याकडे कायमची राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात पॅसेजमध्ये घसरली. पडली नाही, तिने वेळेवर माझी मान धरली. मान सोडल्यावर म्हणाली, "तू वजनमापे खात्यात निरीक्षक ना रे? गावभर दुसऱ्यांचे तराजू सरळ करत फिरतोस आणि घरातलं पाणी उलटं वाहतंय."

हे मला लागलं. आमच्या खात्याला आधीच फारसा मान नाही. पोलीस दिसला की माणूस सावरून बसतो. मी दिसलो की भाजीवाला पारड्याखालचा खडा काढून खिशात घालतो, बस. तरीही मी इतकी वर्षं माझा आब राखून होतो. बाथरूम दुरुस्त करायचं ठरवलं ते त्या आबाखातर.

गवंडी आला. त्याने फरशीकडे पाहिलं आणि एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरबद्दल विचारावं तसं विचारलं, "हे कुणी केलंय?"

"तूच," मी म्हटलं.

तो जराही न गडबडता म्हणाला, "तेव्हा वाळू चांगली नव्हती."

वाळूचं म्हणाल तर त्याच सुमारास सरकारने वाळूउपशावर बंदी आणली होती. किनारा खचतोय, नदीचं पात्र खरवडलं जातंय, वगैरे. निर्णय योग्यच होता. चहाच्या टपरीवर मी त्याचं समर्थनही केलं होतं, मला वाळू लागायच्या आधी. रीतसर परवान्याची वाळू मिळवायला मी किती खिडक्यांसमोर उभा राहिलो ते सांगत बसत नाही. शेवटी लांबच्या नदीवरून एक ट्रक निघाला. आमची गल्ली इतकी अरुंद की समोरून सायकल आली तर दोघांपैकी एकाने माघार घ्यावी लागते. तेव्हा ट्रक किनाऱ्यावरून मागे आणायचा ठरला. आमचं परस जिथे संपतं तिथून किनारा सुरू होतो, मध्ये कमरेएवढी भिंत. गवंड्याने ती भिंत पाडली. फोडायचं म्हटलं की हा माणूस वेळ लावत नाही. त्याच दिवशी त्याने बाथरूमही फोडून टाकलं, फरशी, नळ, सगळं. संडास वेगळा होता एवढीच कृपा. संध्याकाळी वाळू परसाच्या तोंडाशी येऊन पडली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

सकाळी पाहतो तर वाळूवर चाकांच्या खुणा. समुद्राकडून ढिगापर्यंत आलेल्या आणि ढिगापासून परत समुद्राकडे गेलेल्या. ढीग वरून विस्कटलेला.

"चोरी," मी म्हटलं आणि आतून टेप आणून खुणांची रुंदी मोजली. मोजमाप घेतलं की मला धीर येतो. गवंडी म्हणाला, लहान ट्रॅक्टर असणार.

बायको दारात चहाचा कप घेऊन उभी होती. "ट्रॅक्टर समुद्रातून आला?" तिने विचारलं.

तिच्या असल्या प्रश्नांना मी सकाळी उत्तर देत नाही. मी गवंड्याला कामाला लाग म्हणून सांगितलं. त्याने फावडं उचललं तेवढ्यात किनाऱ्याच्या बाजूने आवाज आला, "ए, फावडं खाली ठेव."

हा आवाज शेजारच्या हेडमास्तरांचा. निवृत्त होऊन जमाना झाला, पण हुकूम करायची सवय गेलेली नाही. गवंडी त्यांच्याच शाळेतला. त्याने फावडं तर ठेवलंच, वर हातही मागे बांधले. हेडमास्तर पडलेली भिंत ओलांडून आले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. म्हणाले, "ट्रॅक्टर नाही. कासव आहे, समुद्रातलं. रात्री येऊन तुमच्या वाळूत अंडी घालून गेलंय." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू घरातली सून बाळंत झाली.

आता या हेडमास्तरांचं आणि माझं जरा वाकडं होतं. नगरपालिकेने समुद्राच्या कडेने सिमेंटचा फिरण्याचा रस्ता मंजूर केला होता, दिव्याच्या खांबांसकट. त्याच्या जनसुनावणीत हेडमास्तर एकटे विरोधात उभे राहिले. वाळूचे उंचवटे सपाट केलेत तर एक दिवस समुद्र तुमच्या स्वयंपाकघरात येईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यानंतर मी उभा राहिलो आणि विकासाला आडवं जाऊ नये या विषयावर बोललो. मला टाळ्या पडल्या. तेव्हापासून ते किनाऱ्यावर फिरायला निघाले की आम्ही एकमेकांना मागच्या भिंतीवरून फक्त हवापाण्याचं विचारत असू. आता भिंतही नव्हती.

दुपारपर्यंत वनखात्याच्या वनरक्षक बाई आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, बोलायला मऊ आणि ऐकायला दगड. त्यांनी ढिगाभोवती खुंट्या ठोकल्या, हिरवी जाळी लावली, पाटी लावली. मी विचारलं, "हे किती दिवस?"

"दीड-दोन महिने. उन्हावर असतं."

"दोन महिने? बाई, माझं बाथरूम फुटलंय. तुम्ही ती अंडी उचलून दुसरीकडे न्या की. माझी काही हरकत नाही."

"गेल्या वर्षीपर्यंत नेत होतो. यंदा नवीन निर्णय आलाय. घरटं आहे त्या जागी ठेवायचं, हलवायचं नाही."

"पण ही किनाऱ्याची वाळू नाही. ही माझी वाळू आहे. परवाना आहे माझ्याकडे."

बाईंचा चेहरा उजळला. "बरं झालं. म्हणजे जागेला मालक आहे. मग राखणदार म्हणून तुमचंच नाव घालते. इथे सही करा. अंड्यांना काही झालं तर जबाबदारी तुमची."

सरकारी माणसाला सही मागितली की हात आपोआप पुढे होतो. मी सही केली. गवंडी म्हणाला, "साहेब, मग मी तोवर दुसरं काम धरतो," आणि ज्या वेगाने गेला त्यावरून ते दुसरं काम त्याने आधीच धरलेलं असावं.

त्या दिवसापासून आमचं कुटुंब हेडमास्तरांकडे अंघोळीला जाऊ लागलं. दुसरं कुणी बाथरूम देईना असं नाही, पण त्यांचं सर्वांत जवळ आणि आत्याला लांब चालवत नाही. बायको आणि आत्या जाऊन बिनबोभाट परत येत. मी गेलो की मात्र हेडमास्तर बाथरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि मला आत साबण लागलेला असताना वाळूचे उंचवटे समजावून सांगत. वारा वाळू कशी आणतो, वेली ती कशी धरून ठेवतात, भरती कशी तिथे येऊन थांबते. मध्येच विचारत, "कळलं का?" पाण्याचा नळ मोठा सोडला तर आवाज चढवत. बाहेर आलो की खांद्यावर हात ठेवून म्हणत, "तुम्ही आपल्या बाजूला आलात, फार बरं वाटलं." मी कुठल्याच बाजूला गेलो नव्हतो. मी अंघोळीला गेलो होतो. पण दुसऱ्याच्या बाथरूममध्ये राजरोस वावरणाऱ्या माणसाला मतभेद परवडत नाहीत.

मी स्वस्थ बसलो असं समजू नका. मी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. वनखात्याने सांगितलं, घरटं आमचं, वाळू नगरपालिकेच्या हद्दीत. नगरपालिकेने सांगितलं, बांधकाम साहित्य खाजगी जागेत असल्यास आमचा संबंध नाही, मात्र अर्धा ढीग हद्दीबाहेर आलाय तो उचलावा. मी म्हटलं, उचलता येत नाही, त्यात अंडी आहेत. तिथला कारकून म्हणाला, "मग अंडी ज्या अर्ध्यात नाहीत तो अर्धा उचला." अंडी कुठल्या अर्ध्यात आहेत हे विचारायला पुन्हा वनखात्यात गेलो, तर वनरक्षक बाई म्हणाल्या, ते सांगायला खणून पाहावं लागेल आणि खणायला बंदी आहे. माझी झोप उडाली, भूक गेली, आणि घरी येऊन हाश्शहुश्श करत तोंडावर पाणी मारावं तर नळ नाही.

सल्ले मात्र भरपूर मिळत होते. वाणी म्हणाला, ढिगावर रोज थोडं मीठ टाका. न्हावी म्हणाला, वर्तमानपत्रात द्या. माझा मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, तिकीट लावा बघायला." आत्या त्या जाळीशेजारी खुर्ची टाकून बसायला लागली. म्हणाली, "बिचारी एवढी लांबून आली आणि टाकून गेली. कुणीतरी बसायला नको?"

इकडे फिरण्याचा रस्ता गावाच्या दुसऱ्या टोकाकडून सरकत सरकत आमच्यापर्यंत आला होता. आमच्या अलीकडे खांब उभे राहिले, दिवेसुद्धा लागले. एका रविवारी ठेकेदार माझ्याकडे आला. धिप्पाड माणूस, पण बोलणं खालच्या पट्टीत. ढिगाभोवती एक फेरी मारून आला.

"साहेब, तुम्ही सरकारी माणूस आहात. तुमच्यापाशी लपवाछपवी नको. एवढंच सांगा, हे कासव कसं आणलंत?"

"मी आणलं नाही. ते आलं."

"बरोबर माझ्या रस्त्याच्या आखणीवर?"

"अहो, मी तर तुमच्या रस्त्याच्या बाजूने बोललो होतो."

"तेच तर. तुमचा कुणाला संशय येणार नाही." त्याने आदराने मान डोलावली. "हेडमास्तरांचं डोकं, तुमची जागा. चांगलं जुळवलंत. पण मला मुदत आहे हो. मुदतीत रस्ता झाला नाही तर माझं नाव काळ्या यादीत जाईल."

मी त्याला शपथेवर सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. गावाचाही बसला नाही. बाजारात निम्मे लोक मला पाहून पाठ फिरवायला लागले आणि उरलेले निम्मे हात जोडायला लागले. पाठ फिरवणारे परवडले. हात जोडणारे मला थांबवून त्यांच्या विहिरीचं, गटाराचं, कारखान्याच्या धुराचं सांगत आणि "तुम्हीच काहीतरी करा," म्हणत. मी काय करणार? मी त्यांचे तराजू तपासू शकत होतो.

आणि मग ती सकाळ आली. मी हेडमास्तरांकडून अंघोळ करून मागच्या बाजूने येत होतो. कमरेला पंचा, एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओले कपडे. आमच्या परसाच्या तोंडाशी ठेकेदाराचं पिवळं अवजड यंत्र घरघरत उभं होतं आणि त्याचं पुढचं सूप हळूहळू खाली येत होतं. चालकाला बहुधा पाटी दिसली नव्हती, किंवा दिसू नये असं सांगितलेलं असावं. मला त्या क्षणी निसर्ग वगैरे काही आठवलं नाही. मला माझी सही आठवली. जबाबदारी तुमची. मी धावत गेलो आणि यंत्र व ढीग यांच्यामध्ये उभा राहिलो.

चालकाने यंत्र थांबवलं. मला बाजूला व्हा अशी खूण केली. मला काही बोलायचं होतं, पण पंच्याची गाठ सैल झाल्याचं त्याच वेळी लक्षात आलं. एका हाताने गाठ धरायची तर कपडे टाकावे लागणार, ते वाळूत पडणार, म्हणून मी कपड्यांसकट तो हात गाठीवर दाबला आणि बादलीचा हात वर केला, नुसतं "थांब" म्हणायला. तेवढ्यात हेडमास्तर पोचले आणि त्यांच्या मागून कॉलेजात जाणारी पाचसहा पोरंपोरी. त्यांनी फोटो काढला. तो फोटो पुढे सगळीकडे गेला. त्यात मी उघडाबंब, केस उभे, बादली उगारलेली, आणि समोर ते यंत्र. खाली कुणीतरी लिहिलं होतं: किनाऱ्याचा पहारेकरी. बायको म्हणाली, "फोटो चांगला आलाय. फक्त पोट जरा आत घ्यायला हवं होतं."

आमच्या वरिष्ठांनीही फोटो पाहिला. सरकारी कर्मचाऱ्याने सरकारी कामात अडथळा का आणला, याचा खुलासा मागवण्यात आला. मी लिहिलं की सरकारच्याच वनखात्याने नेमलेला राखणदार म्हणून मी सरकारी कामच करत होतो. त्यावर वरिष्ठांनी विचारलं, मग खात्याची परवानगी न घेता दुसऱ्या खात्याचं काम का केलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांकडून खुलासे मागितले होते. खुलासा लिहिताना एकेक शब्द किती वेळा खोडावा लागतो हे पहिल्यांदा कळलं. कागद वर गेला आणि मी तो खाली यायची वाट पाहत बसलो.

त्या फोटोचा एक परिणाम मात्र झाला. वनखातं आणि नगरपालिका, जी एकमेकांच्या पत्रांना उत्तर देत नव्हती, ती दोघं माझ्या परसात आली. साहेबलोक ढिगाभोवती उभे राहिले. आत्याने उठून कुणालाच खुर्ची दिली नाही. ठरलं असं की अंडी फुटेपर्यंत या तुकड्याचं काम थांबवायचं, पुढचं पुढे पाहू. ठेकेदार एकटा मागे राहिला होता. त्याचं तोंड उतरलेलं पाहून मला उगाच वाईट वाटलं. मी त्याला चहा दिला. त्याने तो उभ्याउभ्याच घेतला आणि कप पाडलेल्या भिंतीच्या विटांवर ठेवून गेला.

त्यानंतर माझं काहीतरी बिघडलं. कचेरीत मी तराजूच्या काट्याकडे पाहत असायचो आणि मनात ढीग असायचा. कुत्रं तर आलं नसेल? आत्याला डुलकी लागली असेल? भरतीच्या दिवशी तर मी अर्धी रजा टाकून घरी आलो आणि पाणी कुठवर येतं ते पाहत राहिलो. हेडमास्तर सांगत होते तसंच ते उंचवट्याशी येऊन थांबलं. मी त्यांना हे सांगितलं नाही. बाईंनी सांगितलेले दोन महिने उलटून चालले तसा मी वनरक्षक बाईंना रोज फोन करू लागलो. त्या म्हणाल्या, "काका, वाळू मध्ये खचली की समजायचं." मी दर तासाला जाऊन वाळू खचली का पाहायचो. बायको म्हणाली, "आपल्या मुलीच्या वेळी तुम्ही दवाखान्याच्या बाकावर घोरत होतात."

एका संध्याकाळी दिवेलागणीला आत्याने हाक मारली. वाळू मध्ये वाटीसारखी खचली होती आणि त्या वाटीत काहीतरी वळवळत होतं. मग एक काळं डोकं वर आलं, मग दुसरं, आणि मग वाळू उकळावी तशी पिल्लं बाहेर यायला लागली. तळहाताहून लहान. बायकोने बाईंना फोन लावला, मी जाळी वर केली आणि समुद्राचा रस्ता मोकळा करून दिला.

पिल्लं समुद्राकडे वळलीच नाहीत. सगळी उजवीकडे, नव्या रस्त्याच्या दिव्यांकडे निघाली. फोनवर बाई ओरडून सांगत होत्या, "दिवे बंद करा, त्यांना तोच समुद्र वाटतोय." बायकोने घरातले दिवे घालवले. रस्त्यावरच्या दिव्यांचं बटण माझ्याकडे नव्हतं. ते ठेकेदाराच्या पेटीत होतं.

मी धावत सुटलो. तो कामगारांच्या शेडपाशी खुर्चीत बसला होता. मला धापा टाकताना पाहून उभा राहिला.

"दिवे घालवा," मी म्हटलं. "ती तुमच्या रस्त्यावर चाललीत."

त्याने दिव्यांकडे पाहिलं, मग समुद्राकडे. मला वाटलं, आता हा सगळा हिशोब चुकता करणार. त्याने खिशातून किल्ली काढली, पेटी उघडली आणि एका फटक्यात सगळा किनारा अंधारात गेला. मग माझ्याबरोबर धावत आला. आम्ही सगळे, तो, मी, हेडमास्तर, बायको, वाळूत गुडघ्यांवर बसलो आणि ज्या पिल्लांची वाट चुकली होती त्यांच्या आडवे हात धरून त्यांना वळवत राहिलो. ठेकेदार पुटपुटत होता, "तिकडे नाही रे बाळा, इकडे, इकडे." हळूहळू ती वळली. लाटेचा पांढरा काठ दिसत होता, तेवढ्याच उजेडात ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत असताना फुटक्या बाथरूममधून आत्याची हाक आली. विटांच्या ढिगाऱ्याआड एक पिल्लू अडकलं होतं. रात्री वाट चुकून घरात शिरलेलं. मी ते उचलायला वाकलो तेवढ्यात वनरक्षक बाई आल्या. त्यांनी अलगद ते वाळूवर आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "पुढे त्याला चालू द्या. उचलून पाण्यात सोडायचं नाही. चालून जातं तेव्हाच त्याला किनारा कळतो. तुम्ही फक्त कावळे बघा."

मग मी त्याच्या शेजारून चालायला लागलो. मी आयुष्यात इतका सावकाश कधी चाललो नव्हतो. ते चार पावलं टाकायचं आणि थांबायचं. मीही थांबायचो. कचेरीची वेळ होऊन गेली. ठेकेदार येऊन दुसऱ्या बाजूने चालू लागला, डोक्यावर छत्री धरून, आपल्या नव्हे, पिल्लाच्या. थोड्या वेळाने म्हणाला, "नगरपालिकेचा इंजिनिअर म्हणाला, रस्ता इथे आत वळवू. मुदत वाढवून देतील." मी म्हटलं, "मला ताकीद मिळाली. सेवापुस्तकात नोंद होणार आहे." तो म्हणाला, "अरेरे." तेवढ्यात पिल्लू पुन्हा चालू लागलं, आणि आम्हीही.

पहिल्या लाटेने त्याला मागे फेकलं. दुसरीनेही. तिसरीबरोबर ते आत गेलं, आणि आम्हाला पुढच्या लाटेत एक काळा ठिपका दिसला, मग तोही दिसेना.

मागे गवंड्याचा आवाज आला. तो खरोखरच आला होता आणि साहेब, काम सुरू करू का, म्हणून विचारत होता. मी वळलो नाही. वनरक्षक बाईंनी कागद पुढे केला. म्हणाल्या, "काका, घरटं मोकळं झालं. राखणदार म्हणून तुमचं काम संपलं. इथे सही करा."

"इतक्यात?" मी म्हटलं.

त्यांना ती थट्टा वाटली. त्या हसल्या. मी सही केली आणि पेन त्यांना परत द्यायचं विसरून तसाच पाण्याकडे बघत उभा राहिलो.